बारमाही बागेचे छप्पर

21 डिसेंबरला भर दुपारी लंडनमध्ये सूर्य क्षितिजापासून जेमतेम 15 अंश वर येतो आणि दिवस आठ तासही भरत नाही. त्याच दिवशी पुण्यात तो माध्यान्हीला 48 अंशांवर असतो आणि दिवस अकरा तासांच्या आसपास असतो. काचेचे हरितगृह रुजले आणि वाढले ते पहिल्या प्रकारच्या आकाशाखाली. तिथे वर्षातले कित्येक महिने ऊब आणि उजेड या दोन्हींची चणचण असते. म्हणून मिळेल तेवढे ऊन आत घ्यायचे आणि आत आलेली ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही, एवढाच त्या घराचा हिशेब. आपल्याकडे गच्चीवर किंवा अंगणात बारमाही भाजी करू पाहणारे पुष्कळ जण हल्ली तेच घर लहान आकारात विकत घेतात: पाइपांचा सांगाडा, चारही बाजूंनी पारदर्शक प्लॅस्टिक आणि चेनने बंद होणारे दार. डिसेंबरात ते झोकदार दिसते. मार्च संपता संपता आतली रोपे होरपळतात आणि बोल लागतो खताला, बियाण्याला नाहीतर स्वतःच्या हाताला. खरा दोष बहुधा त्या बंद दाराचा असतो. महाराष्ट्रात भाजीपाला वर्षभर जपायचा तो उन्हाळ्याच्या तापापासून आणि पावसाच्या माऱ्यापासून. थंडीचा त्रास त्या मानाने किरकोळ. तेव्हा इथल्या घरगुती हरितगृहाला भिंती जितक्या कमी तितके बरे. वर ऋतूप्रमाणे बदलता येणारे छप्पर आणि बाजू मोकळ्या, असा मांडवच आपल्या हवामानाला मानवतो.

हे पटण्यासाठी हरितगृह तापते कशाने, ते आधी पाहायला हवे. शाळेत शिकवलेले उत्तर असे की काच सूर्यप्रकाश आत सोडते आणि तापलेल्या जमिनीतून निघणारे उष्णतेचे किरण अडवते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आर. डब्ल्यू. वुड यांनी 1909 मध्ये दोन खोकी उन्हात ठेवली. एकावर काच होती, दुसऱ्यावर सैंधव मिठाचा पारदर्शक तुकडा. मीठ उष्णतेचे किरण अडवत नाही. तरीही दोन्ही खोकी जवळपास सारखीच तापली. साधे पॉलिथिनही उष्णतेच्या किरणांना फारसे अडवत नाही, आणि तरी पॉलिथिनच्या बंद घरात उकडायचे ते उकडतेच. याचा अर्थ असा की घर तापते ते मुख्यतः हवा कोंडल्यामुळे. मोकळ्या शेतात जमिनीलगतची तापलेली हवा वर निघून जाते आणि गार हवा तिची जागा घेते. आवरणाखाली ही ये-जा थांबते. आता आकडे मांडून पाहू. स्वच्छ आकाश असताना दुपारी एका चौरस मीटरवर सुमारे 800 ते 1000 वॅट ऊन पडते. 3 मीटर रुंद आणि 4 मीटर लांब घराच्या छपरावर म्हणजे दहा किलोवॅटच्या आसपास. त्यातले सात किलोवॅट आत आले असे धरले, तर एकेका किलोवॅटचे सात हीटर त्या बारा चौरस मीटरच्या खोलीत दुपारभर चालू ठेवल्यासारखे झाले. त्यातली बरीचशी उष्णता पानांतून आणि ओल्या मातीतून उडणारी वाफ घेऊन जाते, पण ती वाफही बाहेर पडली तरच. म्हणूनच आतली सगळी हवा दर मिनिटाला एकदा तरी बदलली पाहिजे, असा हरितगृहांचा ढोबळ नियम आहे. एका दारातून आणि एका खिडकीतून ते होत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: मावळात मग पॉलिहाऊस कशी चालतात? तळेगावच्या परिसरातून दर फेब्रुवारीत परदेशी जाणारा गुलाब प्लॅस्टिकखालीच वाढतो, आणि रंगीत ढोबळी मिरची राज्यात अनेक ठिकाणी पॉलिहाऊसमध्ये निघते. खरे आहे. मात्र ती पॉलिहाऊस नीट पाहिली तर ती या लेखाच्या बाजूनेच साक्ष देतात. मावळ सह्याद्रीला लागून, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे. तिथला उन्हाळा विदर्भासारखा भाजून काढत नाही. पॉलिहाऊसचा माथा दोन मजल्यांइतका उंच असतो, माथ्यावर कायमची उघडी झडप असते, चारही बाजूंचे पडदे गुंडाळून वर घेता येतात, आत फॉगर असतात, वरच्या बाजूला ओढायची शेडनेट असते. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे पडदे उघडायला-मिटायला दिवसभर माणूस हजर असतो. उंचीचा मुद्दा तर निर्णायक आहे. तापलेली हवा वर चढते. माथा जितका उंच आणि वरची झडप जितकी मोठी, तितकी ती जोमाने बाहेर ओढली जाते आणि पिकाच्या पातळीला गार हवा येते. शिवाय जमिनीच्या दर चौरस मीटरमागे तिथे चार-पाच घनमीटर हवा असते, गच्चीवरच्या सहा फुटी तंबूत दोनही नसते. थोडी हवा चटकन तापते. पॉलिहाऊस लहान केले की त्याचे गुण लहान होतात आणि दोष मोठे होतात, हे विकणारा सांगत नाही.

दुसरा आक्षेप कूलरचा. बाष्पीभवनाने घर गार ठेवता येईलच की. पाण्याची ताकद मोठी आहे यात शंका नाही: एक लिटर पाण्याची वाफ होताना ते सुमारे 0.68 किलोवॅट-तास उष्णता शोषते, म्हणजे वरचे सात किलोवॅट रिचवायला तासाला दहाएक लिटर पाणी उडवावे लागेल. पण वाफ होण्यासाठी हवा कोरडी लागते. नागपुरात एप्रिलमध्ये पारा 42 वर आणि आर्द्रता 15 टक्के असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक 22 अंशांच्या आसपास दाखवतो. चांगला कूलर हवा 26-27 पर्यंत उतरवू शकतो. विदर्भात घरोघरी कूलर का आणि कोकणात का नाही, याचे उत्तर याच आकड्यात आहे. रत्नागिरीला 34 अंश आणि 60 टक्के आर्द्रता असली की ओला तापमापक 27-28 च्या खाली जात नाही. तिथे पाणी फवारून चार-पाच अंश मिळतील आणि त्या बदल्यात पाने दिवसभर ओली राहतील, म्हणजे बुरशीला आयतेच निमंत्रण. विदर्भातसुद्धा ऐन उन्हाळ्यात, टँकरच्या दिवसांत, तासाला दहा लिटर पाणी कोथिंबिरीच्या खोलीला गारवा देण्यासाठी उडवायचे का, हा प्रश्न उरतोच. ऊन आत घेऊन मग त्याच्याशी झगडण्यापेक्षा ते बाहेरच अडवणे स्वस्त.

आणि ते अडवण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. मिरज भागातले, तसेच राज्यात इतरत्रचे पानमळे हे त्याचे उत्तम उदाहरण. नागवेल ही दमट सावलीतली वेल. दख्खनच्या कोरड्या उन्हात ती एरवी आठवडाभरही टिकायची नाही. मळेवाल्यांनी तिच्यासाठी शेवरी, शेवगा, हादगा, पांगारा अशी विरळ पानांची, झटपट वाढणारी झाडे लावली. वेल त्यांच्यावरच चढते आणि त्यांच्याच सावलीत राहते. सावली दाट झाली की फांद्या छाटायच्या, पातळ झाली की वाढू द्यायच्या. कडेने वारा अडवायला कुंपण, खाली वरचेवर पाणी. आतली हवा बाहेरच्यापेक्षा गार आणि ओलसर, तरी कोंडलेली नाही. हे झाले जिवंत हरितगृह, आणि त्याचे छप्पर वर्षभर हलते आहे. याउलट लडाखमध्ये लेहच्या आसपास जी हरितगृहे दिसतात ती खरोखर बंद असतात: उत्तरेला मातीच्या विटांची जाड भिंत, दक्षिणेला पारदर्शक आवरण, रात्री वरून पांघरूण. बाहेर शून्याखाली वीस अंश असताना आत पालक वाढतो. तिथे ते शहाणपणाचे आहे, कारण तिथला शत्रू थंडी आहे. आपल्याकडच्या पुस्तकांत आणि चित्रफितींत हरितगृहाची दक्षिण बाजू काचेची ठेवण्याचा सल्ला येतो तो अशाच प्रदेशांतून. पुण्यात मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य अगदी डोक्यावरून जातो. त्या दिवसांत दक्षिणेची बाजू कशाचीही असली तरी फरक पडत नाही. सारे ऊन छपरावर येते.

छप्परच कळीचे, तर त्याचा विचार नीट व्हावा. उन्हाळ्यासाठी शेडनेट. बाजारात ती 35, 50, 75, 90 टक्के अशी मिळते. हा आकडा ती किती ऊन अडवते त्याचा. दुकानात बहुतेकांच्या हाती 75 टक्क्यांची हिरवी नेट पडते, कारण तिची सावली दाट आणि नजरेला थंड वाटते. ती नेचे, ऑर्किड यांना ठीक. भाजीला 35 ते 50 टक्के पुरे. कोथिंबीर, पालक, मेथी यांच्या पानाला भर दुपारच्या उन्हाचा निम्मा भागही चालतो, बाकीचा नुसता ताप. पण 75 टक्क्यांखाली टोमॅटो उंच, फिकट आणि वांझ होतो. नेट झाडांच्या डोक्यापासून जितकी वर तितकी चांगली, कारण काळी किंवा हिरवी नेट स्वतः तापते आणि ती ऊब खाली न उतरता वाऱ्याबरोबर निघून जायला मोकळी जागा लागते. आठ फूट उंचीवर लावलेली नेट आणि चार फुटांवर लावलेली नेट यांतला फरक दुपारी खाली उभे राहिले की कळतो. प्लॅस्टिक आणि नेट दोन्ही असतील तर नेट नेहमी प्लॅस्टिकच्या वर, बाहेरच्या अंगाला हवी. आत बांधलेली नेट ऊन अडवते खरी, पण अडवलेली उष्णता घरातच ठेवते. नेट नको असेल तर चुना आहे. स्पेनमधल्या अल्मेरियात हजारो हेक्टर जमीन प्लॅस्टिकखाली आहे आणि तिथले शेतकरी उन्हाळ्याआधी छपरावर चुन्याचा पांढरा हात मारतात. आपल्याकडेही मार्चमध्ये फिल्मवर चुन्याचे पातळ पाणी मारले तर पहिल्या दोन-चार जोरदार पावसांत ते बव्हंशी धुऊन जाते, म्हणजे ज्या दिवशी सावली नकोशी होते त्याच सुमारास ती आपोआप निघते.

पावसाळ्याचे गणित उलटे. जूनपासून ऊन दुर्मीळ होते. जुलैत कित्येक दिवस सूर्याचे दर्शन नसते. त्या काळात नेट वर राहिली तर आधीच अपुरा असलेला उजेड निम्मा होतो, आणि ही चूक फार सर्रास दिसते. नेट उतरवायची आणि पारदर्शक फिल्म चढवायची. फिल्मचे काम ऊब धरण्याचे नाही, थेंब अडवण्याचे आहे. टपोरा पाऊस मातीचे शिंतोडे खालच्या पानांवर उडवतो आणि त्यांबरोबर बुरशीचे बीजाणू. पाने तासन् तास ओली राहिली की करपा पसरतो. वाफ्यात पाणी साचले की रोपे मरतात. टोमॅटो, मिरची, कोथिंबीर यांना पावसाळा जड जातो तो ओल्या पानांमुळे. कोकणात पावसाळी भाजी म्हणजे मांडवावरचे पडवळ, दोडका, काकडी, कारली. वेल जमिनीपासून उचलला की शिंतोडे पोचत नाहीत आणि वारा लागून पाने सुकतात, हे तिथल्या माणसाने कधीच ओळखले होते. फिल्म हे त्याच युक्तीचे पुढचे पाऊल. ती 200 मायक्रॉनची, अतिनील किरणांना टिकणारी घ्यावी, तीन-चार वर्षे जाते. ताडपत्रीच्या दुकानातली साधी पारदर्शक शीट एका उन्हाळ्यात खाकरा होते. छपराला भरपूर उतार हवा, नाहीतर पाण्याचे पोट सुटते आणि फिल्म फाटते. पाऊस नैर्ऋत्येकडून तिरपा येतो, म्हणून त्या अंगाला छप्पर दीड-दोन फूट पुढे काढावे आणि गुंडाळून वर घेता येणारा पडदा ठेवावा. बाकी बाजू उघड्याच. आणि हे पाणी साठवायला पन्हळ लावली तर पुण्यासारख्या, वर्षाला सुमारे 700 मिलिमीटर पावसाच्या गावात बारा चौरस मीटर छपरावरून आठ हजार लिटरच्या पुढे पाणी मिळते. ते सगळे साठवायला टाकी कुठून आणायची, हा वेगळा प्रश्न.

बाजू उघड्या ठेवल्या तर वारा छप्पर उडवून नेईल, हा आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे. इमारतींच्या भारतीय मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला 39 मीटर धरला आहे, मुंबई आणि नागपूरसाठी 44. 39 मीटर म्हणजे ताशी 140 किलोमीटर. असा झोत रोज येत नाही, पण एखाद्या वादळात येऊ शकतो आणि तो आला तर चौरस मीटरमागे नव्वदेक किलोचा जोर लावतो. बारा चौरस मीटरवर एक टनाच्या वर. जून 2020 मध्ये निसर्ग वादळाने रायगडच्या किनाऱ्यावर पक्क्या घरांची छपरे उचलली. तिथे पाइपांच्या सांगाड्याचे काय. यावर बाजू बंद करणे हा उपाय नव्हे. वाऱ्याकडची एक बाजू उघडी आणि बाकीच्या तीन बंद, ही तर सर्वांत वाईट रचना, कारण आत शिरलेला वारा छपराला खालून ढकलतो. उपाय दोन. सांगाडा कठड्याला किंवा भिंतीला घट्ट बांधायचा, गच्चीच्या लादीला भोके पाडून गळती ओढवून घ्यायची नाही. आणि आवरण असे बसवायचे की दहा मिनिटांत निघेल: पॉलिहाऊसवाले वापरतात ते अ‍ॅल्युमिनियमचे प्रोफाइल आणि झिगझॅग स्प्रिंग घरच्या सांगाड्यालाही बसतात. वळवाचे ढग दाटले की आवरण सोडले, सांगाडा राहिला. वजनाचाही विचार इथेच व्हावा. वावरण्याच्या गच्चीसाठी मानकात धरलेला भार चौरस मीटरला साधारण 150 किलो आहे. फूटभर ओल्या मातीचा सलग वाफा साडेचारशेच्या पुढे जातो. कोकोपीट आणि कंपोस्टचे मिश्रण भिजल्यावरही मातीपेक्षा बरेच हलके, आणि कुंड्या-पिशव्या मधोमध न मांडता तुळयांच्या आणि भिंतींच्या रेषेत ठेवणे शहाणपणाचे. गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्यांनी परवानगी आधी विचारावी. कायमच्या छपराबद्दल तक्रार करायला वरच्या मजल्यावर कोणीतरी असतेच.

किडींचे काय? बंद घराची बाजू घेणारे शेवटी इथे येतात आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पांढरी माशी टोमॅटोला पर्णगुच्छ आणि भेंडीला केवडा देते, आणि एकदा रोग झाला की औषध नाही. तिला रोखायला 40 ते 50 मेशची बारीक जाळी लागते. पण एवढी बारीक जाळी वाराही अडवते, म्हणजे आपण पुन्हा कोंडलेल्या हवेकडे जातो. शिवाय ती मधमाश्यांनाही बाहेर ठेवते. टोमॅटोचे फूल आपल्याच परागावर धरते, घोस हलवला की पुरे. पण दुधी, दोडका, कारले यांची नर आणि मादी फुले वेगळी, त्यांचे परागण मग हाताने करावे लागते. दुधी-दोडक्याची फुले संध्याकाळी उमलतात, कारल्याची सकाळी, हे लक्षात ठेवून. मधला मार्ग बरा: जाळी साऱ्या मांडवाला न लावता फक्त रोपांच्या पेटीला लावायची. हे रोग कोवळ्या झाडाला लवकर गाठले तर सर्वांत जास्त नुकसान करतात. पहिला महिना-सव्वा महिना रोप जाळीत निघाले, तर नंतर लागण झाली तरी काही तोडे हाती येतात.

बारमाही या शब्दाकडून आपण काय अपेक्षा करतो, तेही तपासावे लागते. मेमध्ये टोमॅटो हवा असा हट्ट असेल तर कुठलाच मांडव पुरणार नाही: दिवसा 35 च्या वर आणि रात्री पंचविशीच्या आसपास पारा राहिला की टोमॅटोचे परागकण निकामी होतात, फुले गळतात. 50 टक्क्यांची नेट ऊन निम्मे करते, हवेचे तापमान नव्हे. म्हणून उन्हाळ्यात नेटखाली कोथिंबीर, पालक, पुदिना. नेटच्या बाहेर, भर उन्हात तांदुळजा, राजगिरा, अंबाडी, गवार, ज्यांना ऊन बाधत नाही. पावसाळ्यात फिल्मखाली मिरची, वांगी, कोथिंबीर आणि थंडीसाठीची रोपे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी तर मांडव उघडाच ठेवावा. तेव्हाचे आकाश हेच उत्तम छप्पर. निफाडकडे थंडीच्या लाटेत द्राक्षबागा वाचवायला शेकोट्या पेटवाव्या लागतात, हे खरे. पण त्या रात्री मोजक्याच, आणि घरच्या वाफ्यावर संध्याकाळी अंथरून सकाळी काढलेले जुने कापड तेवढ्यापुरते पुरते. त्यासाठी वर्षभर बंद घर पोसायचे कारण नाही. पैशांच्या हिशेबात हे सारे मंडईच्या भावाला टक्कर देणार नाही, हेही मान्य करून टाकावे. ऐन पावसात कोथिंबिरीची जुडी महाग होते तेवढ्यापुरता मांडव थोडाफार परतावा देतो. बाकी मिळकत ताजेपणाची आणि औषध न मारलेल्या पानांची.

छपराची स्वतःची एक किंमत आहे, आणि ती उघड्या मांडवालाही चुकत नाही. पावसाखालच्या कुंडीतले क्षार दर वर्षी धुऊन जातात. छपराखालच्या जात नाहीत. बोअरचे पाणी घालणाऱ्यांना दोनेक वर्षांत कुंडीच्या काठावर पांढरी खपली दिसू लागते, पानांच्या कडा जळतात. लाल कोळीही अशा कोरड्या आडोशाला फोफावतो, एरवी सरी त्याला पानांवरून धुऊन काढतात. दोन्हींवर तोडगा एकच. सप्टेंबरच्या अखेरीस, परतीचा पाऊस यायच्या बेताला, फिल्म सोडवून घ्यायची, पावसाळी पीक काढून टाकायचे आणि दोन-तीन मोठ्या सरी रिकाम्या कुंड्यांवर सरळ पडू द्यायच्या, खालच्या भोकांतून पाणी वाहून जाईपर्यंत. फिल्म त्याच दिवशी धुऊन, वाळवून, गुंडाळून सावलीत ठेवली तर पुढच्या जूनला ती पुन्हा चढवता येते.